जुन्या गेमच्या कॅसेट 'साफ करून देतो' म्हणणाऱ्याला देण्याआधी हे वाचा

मी डिचोलीचा. माझ्याकडे निन्टेन्डो कंपनीच्या गेमबॉय (हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या मिळून ४३ कॅसेट होत्या, त्यातल्या निम्म्या मामाने आणलेल्या, तो बोटीवर होता, सुट्टीवर येताना एकदोन तरी घेऊन यायचाच. यंदा पावसात कपाटात बुरशी आली म्हणून सगळं बाहेर काढलं आणि म्हटलं आता नीट यादीच करू. एक्सेलमध्ये गेमचं नाव, कन्सोल, साल, कंडिशन आणि समोरून एकेक फोटो. चार रात्री गेल्या, मला वाटलं झालं काम.

तेवढ्यात ओळखीतल्या एकाने म्हापशाच्या एका माणसाचा नंबर दिला. घरी आला, चहा घेतला, इतकं छान बोलला की आईपण खूश. म्हणाला कॉन्टॅक्ट काळे पडलेत, मी साफ करतो, आतल्या बॅटऱ्या बदलतो, आणि हो, बॅटरी बदलली की जुना सेव्ह (गेम कुठवर खेळलो त्याची नोंद) जाणार हां, नंतर बोलू नको. ११ कॅसेट घेऊन गेला. बारा दिवसांनी आणून दिल्या, एकदम चकाचक, मी २,२०० रुपये दिले आणि वर थँक्यू म्हटलं.

चवथीला मामेभाऊ आला, त्याने पोकेमॉन एमराल्ड लावली. चालली. पण माझा सेव्ह गेलेला, त्याचं वाईट वाटलं तरी बॅटरीमुळे गेला असेल म्हणून गप्प बसलो. मग यादीत कॅसेटवरचा कोड भरायला कॅसेट हातात घेतली आणि पोटात गोळाच आला. ओरिजिनल लेबलवर आकडा दाबलेला असतो, शाईचा नाही, प्रकाशात तिरकं धरलं की दिसतो. तो नाहीच. खालच्या फटीतून पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डो लिहिलेलं दिसतं, तेपण नाही. म्हणजे ही डुप्लिकेट.

आणि ती बॅटरीची गोष्ट अर्धीच खरी होती. जुन्या पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह बॅटरीवरच टिकतो, ती काढली की जातो. पण एमराल्डचा सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, आतली सीआर१६१६ बॅटरी फक्त गेममधल्या घड्याळासाठी, ती संपली तरी गेम तसा मेसेज देतो आणि सेव्ह जागेवर राहतो. मग त्याने दिलेला कागद काढून वाचला, तर पोकेमॉन फायररेडच्या बॅटरीचे पण १५० रुपये लावलेत. फायररेडमध्ये बॅटरीच नसते! एवढं वाचलं असतं तर त्याच दिवशी पकडला असता. ११ पैकी ७ कॅसेट बदलून डुप्लिकेट दिलेल्या निघाल्या, फोन तेव्हापासून बंद.

पोलिसांत गेलो. हवालदारांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, दिलेली वस्तू हीच नव्हती हे कशावरून? मी यादी दाखवली. त्यात एमराल्ड लिहिलंय आणि समोरून फोटो, हातातल्या डुप्लिकेटचा फोटो काढला तरी तसाच दिसेल. बोलायला काही उरलंच नाही.

तर तुम्ही यादी करताय ना, कॅसेटची मागची बाजू, दाबलेला आकडा आणि पिनांची फट यांचे फोटो काढाच. शक्य असेल तर तीन पात्यांच्या स्क्रूड्रायव्हरने उघडून आतल्या बोर्डाचापण काढा, ओरिजिनल गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला तोच स्क्रू असतो, जुन्या गेमबॉयला वेगळा ३.८ एमएमचा लागतो. सेव्ह स्क्रीनचा फोटो काढा, खेळाडूचं नाव आणि किती तास झाले ते दिसेल असा. घराबाहेर द्यायच्या आधी काढा, नंतर नाही. उरलेल्या ३६ च्या बाबतीत मी आता रोज रात्री जेवल्यावर दोनदोन करून हेच करतोय.

आणि म्हापसा, पणजी, मडगाव कुठेही कोणाकडे हिरव्या पारदर्शक प्लास्टिकची एमराल्ड विकायला आली तर मागे बघा, डाव्या कोपऱ्यात सुईने कोरलेला बारीक 'स' आहे, मी सातवीत असताना कोरलेला. सेव्ह पुसला नसेल तर नाव बाबू आणि २१२ तास. विकत घेऊ नका, आधी मला कळवा, मी त्याच दिवशी येतो.