पांढऱ्या भिंतीचा रंगीत फोटो मागा

लायकाच्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी (यात आरशाऐवजी वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करतात) सेकंडहँड वाइड लेन्स शोधत असाल तर आधी हे वाचा, पैसे नंतर काढा. मला ज्याने गंडवलं त्याला लेन्समधलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि त्याने ते ज्ञान बरोबर जागी वापरलं.

२०१६ सालची गोष्ट. माझा लायकाचा एम९ कॅमेरा तेव्हा दुरुस्तीला जर्मनीला गेला होता. या मॉडेलच्या सेन्सरवरची काच हळूहळू खराब होते आणि फोटोत डाग उमटू लागतात. कंपनी त्या काळात सेन्सर फुकट बदलून देत होती, पण कॅमेरा महिनोन्महिने परत येत नसे. त्या रिकाम्या वेळात मी १५ मिलिमीटरची, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी, लेन्स शोधायला लागलो. पेठेतले वाडे, लेण्यांचे गाभारे, जिथे मागे सरकायला भिंत आडवी येते अशा जागांसाठी. लायकाची स्वतःची वाइड लेन्स लाखांच्या घरात जाते. म्हणून माझ्यासारखे लोक व्हॉइग्टलँडरकडे वळतात. नाव व्हिएन्नातलं, १७५६ पासूनचं, पण आजच्या लेन्स बनवते जपानमधली कोसिना. लेन्स उत्तम असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

त्यांची १५ मिमी एफ ४.५ तीन आवृत्त्यांत आली. पहिली १९९९ची, चुडीवाली (स्क्रूसारखी फिरवून बसवायची), कॅमेऱ्याच्या अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रेंजफाइंडरला, न जोडलेली. अंतर अंदाजाने लावायचं. दुसरीला एम माउंट (लायकाच्या एम कॅमेऱ्यांवर थेट बसणारी खाच) मिळालं, रेंजफाइंडरही जोडला गेला, पण आतल्या काचा पहिलीच्याच. तिसरी २०१५ची, आणि तिच्यात काचांची रचनाच नवी केली, कारण जुनी रचना फिल्मसाठी होती. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे वाइड लेन्सची मागची काच पार आत, फिल्मच्या जवळ नेता येते. मग कोपऱ्यांवर प्रकाश खूप तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. सेन्सरवरच्या काचेतून आणि रंग ओळखणाऱ्या बारीक फिल्टरच्या जाळीतून तोच तिरका प्रकाश शिरला की रंग बिघडतात. एम९वर फोटोची डावी कड लालसर जांभळी होते, उजवी हिरवट निळी. म्हणून डिजिटलवाल्यांना तिसरीच हवी असते आणि तिची किंमतही चढी असते.

विक्रेता मुंबईतला, बोलायला अत्यंत सभ्य. "तिसरी आवृत्ती आहे, खोका आहे, कारखान्यातूनच लायकाचा कोड करून आलीय," असं फोनवर सांगितलं. कोड म्हणजे माउंटवरचे ठिपके, ज्यांवरून कॅमेरा लेन्स ओळखतो. मी नमुने मागितले तर लगेच पाठवले. सगळे कृष्णधवल, आणि सुंदर. भेटलो तेव्हा त्याच्या गळ्यात एम मोनोक्रोम होता, लायकाचा फक्त कृष्णधवल फोटो काढणारा कॅमेरा. "मी रंगीत करतच नाही हो," म्हणाला. माझा कॅमेरा दुरुस्तीला गेलाय हे मीच त्याला बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. त्याच्या कॅमेऱ्यावर लेन्स लावून मी बरेच फोटो काढले, मोठे करून पाहिले, कोपरे थोडे काळवंडलेले सोडले तर सगळं स्वच्छ. ३८ हजार रोख दिले. बिल नाही, कारण माणूस दुकानदार नव्हता.

मोनोक्रोमच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसते. त्यामुळे त्या कॅमेऱ्यात कडांची ही रंगीत झाक दिसणं शक्यच नाही, लेन्स कुठलीही लावा. तपासणी मी करतोय असं मला वाटत होतं, पण ती कशावर करायची हे त्याने ठरवलं होतं.

कॅमेरा परत आल्यावर कार्ल्याला गेलो. चैत्यगृहातल्या डाव्या ओळीचे खांब गुलाबी आले, उजवीकडचे शेवाळल्यासारखे. त्याला फोन केला तर शांतपणे म्हणाला, "नवा सेन्सर बसवलाय ना तुम्ही? तो नीट बसलेला नसेल." उत्तर इतकं तयार होतं की ऐकणाऱ्याला पटावं. पण त्याच कॅमेऱ्यावर, एका भिंतीसमोर माझी ५० मिमीची लेन्स लावली तर फोटो एकसारखा आला, कुठे झाक नाही. म्हणजे सेन्सर ठीक होता.

मग लेन्सचीच झडती घेतली. खोक्यावर लिहिलं होतं फिल्टर ५८ मिमी, जो तिसरीचा असतो. ५८चा फिल्टर लेन्सवर बसेना, ५२चा अलगद बसला. ५२ म्हणजे दुसरी. खोका तिसरीचा, आत लेन्स दुसरी. माउंटवरचे कोडचे काळे ठिपके मार्करचे निघाले. काही वेळा लेन्स काढ-घाल केल्यावर पुसटले आणि कॅमेऱ्याने लेन्स ओळखणं बंद केलं. कोसिना लायकाचा कोड घालून देतच नाही. लोक स्वतः ठिपके काढतात, त्यात गैर काही नाही. "कारखान्यातून" म्हणणं ही थाप.

बुरशीचं प्रकरण पावसाळ्यात कळलं. लेन्समागे मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर आतल्या काचेच्या कडेला जाळं दिसलं, आणि शेजारी कोटिंगवर जुन्या जाळ्याचे चरेही. आधी साफ करून विकली होती. बुरशी पुसता येते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. स्क्रूंची डोकी झिजलेली होती, त्यावरून लेन्स उघडलेली आहे हे कुठलाही दुरुस्तीवाला एका नजरेत सांगेल. वाइड लेन्समध्ये असले दोष लपवायला सोपे जातात, कारण एफ ८ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) बारीक केल्यावर, तिच्या फोकसची खोली इतकी असते की चुकलेला फोकससुद्धा कळत नाही.

पोलीस ठाण्यात हा देवघेवीचा वाद आहे असं सांगून दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला. ओळखीच्या वकिलांच्या मते खासगी विक्रीत ग्राहक मंचाचा फारसा उपयोग नव्हता. तोवर विक्रेत्याचा नंबरही बंद झाला होता.

लेन्स अजून माझ्याकडे आहे. साफ करून घेतली, आता सिलिका जेलच्या बंद डब्यात आर्द्रतामापकासोबत ठेवतो, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहील असं बघतो. रंगांसाठी कॉर्नरफिक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एकसारख्या उजेडात, लेन्सवर दुधी अ‍ॅक्रिलिक धरून, प्रत्येक अ‍ॅपर्चरला एक फोटो काढून ठेवायचा. त्यावरून बाकीच्या फोटोंतली झाक वजा होते. काम कंटाळवाणं आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत हाताने १६-१८-२१ ट्राय-एल्मार (लायकाची स्वतःची वाइड लेन्स) निवडली तरी थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

आता कुठलीही वाइड लेन्स घ्यायची असली की मी विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागतो: पांढऱ्या भिंतीचा, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचा, रंगीत कॅमेऱ्यावरचा मूळ डीएनजी (कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली फाइल), शिवाय माउंटचा जवळून फोटो. बरेच जण त्यानंतर उत्तरच देत नाहीत. नाशिकच्या एका पोराने मात्र दहा मिनिटांत फाइल पाठवली, डावी कड लालभडक, आणि खाली लिहिलं, "काका, हे असं येतं म्हणून तर विकतोय."