डिशवॉशर की हाताने घासणं: काही महिने रोज वापरल्यानंतर

घरात डिशवॉशर येऊन आता बरेच महिने झाले आणि तो जवळजवळ रोज चालतो. त्याआधी कित्येक वर्षं रात्रीची भांडी मीच घासायचो, त्यामुळे दोन्ही पद्धती मला चांगल्या ठाऊक आहेत. आधी माझं मत सांगून टाकतो. रोजची ताटं, वाट्या, पेले, चमचे आणि स्टीलची पातेली घासायला मी आता पुन्हा सिंकजवळ उभा राहणार नाही. पण घरातली सगळीच भांडी या मशीनसाठी नसतात. आणि ते आणलं की भांड्यांचं काम संपतं असं वाटून कोणी घेणार असेल, तर त्याने पुढचं जरूर वाचावं.

मशीन आत काय करतं हे समजून घेतलं की बऱ्याच तक्रारी आपोआप मिटतात. दार लावल्यावर तळाशी तीन-चार लिटर पाणी भरतं, ते तापतं आणि पंप तेच पाणी फिरत्या पात्यांमधून भांड्यांवर पुन्हा पुन्हा मारत राहतो. पाती फिरवायला सहसा वेगळी मोटर नसते. तिरक्या भोकांतून पाणी जोरात बाहेर पडतं, त्याच्याच धक्क्याने ती फिरतात. खाली आलेलं पाणी जाळीतून गाळलं जातं आणि परत वर जातं. मळलेलं पाणी बाहेर, नवं पाणी आत, असं एका सायकलमध्ये काही वेळा होतं. यात घासणं असं कुठेच नाही. आपण हाताने जो जोर लावतो, त्याच्या जागी इथे गरम पाणी, पावडर आणि वेळ असतो. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये स्वच्छतेचं गणित चार गोष्टींत मांडलं होतं: तापमान, रसायन, जोर आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. इको, म्हणजे वीज आणि पाणी वाचवणाऱ्या प्रोग्रामला तीन-चार तास का लागतात याचं उत्तर यातच आहे. तो साधारण ५० अंशांवर चालतो, म्हणून तापमानाची कसर वेळेने भरून काढतो. मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यात जाते, पंप त्यामानाने कमी घेतो. त्यामुळे जास्त वेळ चालणारा इको प्रोग्राम कमी वीज घेतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. आम्ही रात्री जेवणं झाली की इको लावतो आणि झोपतो. तासाभराचा झटपट प्रोग्राम फक्त पाहुणे असतील तेव्हा.

पाण्याबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये युरोपातल्या सात देशांतल्या शंभराहून जास्त लोकांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला दिली होती. सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी लागलं. तेवढ्याच भांड्यांना त्या वेळच्या मशीनला १५ ते २२ लिटर लागत होतं. आताची बरीच मशीन इको प्रोग्रामवर १० लिटरच्या आसपास भागवतात. नळ मध्यम उघडा ठेवला तरी मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी सहज जातं, म्हणजे दीड-दोन मिनिटांत मशीनची अख्खी सायकल वाहून गेली. पण हाही हिशेब सगळ्यांना लागू नाही. मिशिगन विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात दोन टबांची पद्धत, म्हणजे एकात गरम साबणाचं पाणी आणि दुसऱ्यात विसळायला थंड पाणी, हरितगृह वायूंच्या बाबतीत मशीनपेक्षाही सरस ठरली. जो नळ बंद ठेवून शिस्तीने असं धुतो, त्याने पर्यावरणासाठी म्हणून मशीन घ्यायची गरज नाही. आणि जो थंड पाण्यानेच धुतो, त्याचा विजेचा खर्च मशीनमुळे वाढणारच, एका इको सायकलला साधारण पाऊण ते एक युनिट.

हा सगळा फायदा एका सवयीमुळे पार धुऊन जातो: मशीनमध्ये लावण्याआधी भांडी नळाखाली विसळणं. खरकटं निपटून टाकायचं, हाडं, बिया, कागद काढायचे, आणि ताट तसंच रॅकमध्ये. पावडरमध्ये एन्झाइम असतात. काही स्टार्चचे तुकडे करतात, काही प्रथिनांचे, आणि त्यांना काम करायला भांड्यावर काहीतरी चिकटलेलं असावं लागतं. शिवाय ऑटो प्रोग्राम असलेल्या मशीनमध्ये गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. तो पाण्यातून प्रकाश सोडून किती आरपार जातो ते बघतो आणि त्यावरून पाणी बदलायचं की नाही, किती वेळ धुवायचं हे ठरवतो. आधीच विसळलेली भांडी ठेवली की त्याला पाणी स्वच्छ दिसतं, तो काम आटोपतं घेतो, आणि एखाद्या पातेल्याला चिकटलेला थर तसाच राहतो. मग लोक म्हणतात मशीन नीट धूत नाही. माझ्या आईला हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. खरकटं ताट तसंच कपाटासारख्या पेटीत ठेवायचं हे तिच्या हाताला मान्यच नव्हतं. रात्रभर वाळलेलं ताटसुद्धा सकाळी लख्ख निघतं हे तिने स्वतः पाहिलं, तेव्हा कुठे तिने आधी नळाखाली विसळणं थांबवलं.

लोड लावणं ही मात्र शिकायची गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याची सुरुवातच इथून झाली होती. त्यांनी आधी ताटं, कप, बशा मोजल्या, त्या मापाचे तारेचे कप्पे केले, आणि मग त्यांच्यावर दाबाने पाणी मारायची सोय केली. त्याआधीही भांडी धुण्याची यंत्रं निघाली होती, पण कॉक्रेनबाईंचं चाललं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि सुरुवातीचं गिऱ्हाईक हॉटेलांचं मिळालं. आजही नियम तोच आहे, प्रत्येक भांड्याच्या मळलेल्या बाजूपर्यंत पाणी पोचलं पाहिजे. ताटांची तोंडं मध्याकडे. वाट्या आणि पेले पालथे, जरा तिरके, म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी साठत नाही. चमचे एकमेकांत बसू द्यायचे नाहीत, नाहीतर दोघांच्या मधला भाग तसाच ओशट राहतो. मोठं पातेलं खालच्या रॅकमध्ये, पण पाण्याच्या आड येणार नाही अशा बेताने. आणि सुरू करण्याआधी दोन्ही पाती हाताने एकदा फिरवून बघायची. एखाद्या झाऱ्याचा दांडा खाली लोंबत असला की पातं अडतं आणि अर्धा रॅक कोरडाच राहतो. एवढी एक सवय लागली तर निम्म्या तक्रारी होणारच नाहीत.

मीठ, पावडर आणि रिन्स एड या तीन गोष्टींबद्दल दुकानात कोणी धड सांगत नाही. मीठ भांड्यांवर पडतच नाही. मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांचा एक डबा असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मणी भरून गेले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा मोकळं करतं. म्हणून डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच घालायचं. जेवणातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात, आणि बारीक मीठ घट्ट बसून वाट अडवतं. पाणी किती जड आहे हे तपासून मशीनमध्ये तसं सेटिंग करणं हे पहिल्याच दिवशीचं काम आहे. रिन्स एड शेवटच्या विसळण्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे थेंब न थांबता पाणी पातळ थरासारखं ओघळून जातं आणि डाग राहत नाहीत. हाताने भांडी घासायचं लिक्विड मात्र मशीनमध्ये कधीही घालू नये, थोडंसुद्धा नाही. त्याचा इतका फेस होतो की पंपाला पाण्याऐवजी हवाच मिळते आणि फेस दारातून बाहेर येतो.

काचेचे पेले धुरकट दिसू लागले तर लगेच घाबरू नका. एक पेला व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा. धुरकटपणा गेला तर तो क्षारांचा थर होता, मीठ किंवा सेटिंग बघा. गेला नाही तर काचच झिजली आहे, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. अति मऊ पाणी, जास्त पावडर आणि जास्त तापमान यांनी हे होतं. चांगली नाजूक काच मी म्हणूनच हातानेच धुतो.

आता मशीनमध्ये काय घालू नये. ॲल्युमिनियम नको, हे सगळ्यात आधी. पावडर बरीच अल्कधर्मी असते, ती ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर खाते आणि भांडं काळपट पडतं, हात लावला तर बोटं काळी होतात. ॲल्युमिनियमचा कुकर एकाच धुण्यात ओळखू येत नाही असा होऊ शकतो. लोखंडी तवा आणि कढई नको. तेलाचा मुरलेला थर निघून जातो आणि गंज चढतो. लाकडी पोळपाट, लाटणं, पळ्या फुगतात आणि तडकतात. पितळ आणि तांबं निस्तेज होतं. चांगल्या सुऱ्यांची धार जाते. नॉनस्टिकवर ‘डिशवॉशर सेफ’ लिहिलेलं असलं तरी ते हाताने धुतलेलं जास्त टिकतं असं माझं मत आहे. ज्या घरात बहुतेक भांडी लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची आहेत, त्या घराला हे मशीन मनापासून सुचवणं मला जमणार नाही. घेण्याआधी एका दिवसाची सगळी भांडी ओट्यावर मांडून बघा. त्यातली स्टील, काच आणि चिनी मातीची निम्म्याहून बरीच जास्त असतील तरच पुढे जा.

करपलेलं पातेलं मशीन पूर्ण साफ करत नाही. बुडाला जळून बसलेला काळा थर म्हणजे कोळसाच असतो, त्यावर एन्झाइम चालत नाहीत. पाण्यात खायचा सोडा घालून उकळायचं, लाकडी उलथन्याने खरवडायचं, मग काथ्या. इथे हाताला पर्याय नाही.

वाळवण्याबाबत अपेक्षा बेताच्या ठेवा. शेवटचं पाणी गरम असतं, स्टील आणि चिनी मातीत ती उष्णता टिकते आणि भांडी आपल्याच गरमीने कोरडी होतात. प्लॅस्टिक लवकर निवतं, म्हणून डब्यांवर थेंब राहतातच. सायकल संपल्यावर दार थोडं उघडं ठेवलं की फरक पडतो. आवाज आमच्या मशीनचा झोपेच्या आड येत नाही. फिल्टर मी दर आठवड्याला काढून नळाखाली धुतो. न धुतल्यास वास येतो आणि बारीक कण पुन्हा भांड्यांवर बसतात.

हाताने धुण्याबद्दल एका गोष्टीवर मी आता जास्त काटेकोर झालो आहे, ती म्हणजे स्पंज. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये वापरलेले स्पंज तपासले, तर काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींहून जास्त जिवाणू सापडले. सगळे रोग आणणारे नसतात, पण ओला, खरकटं अडकलेला स्पंज बदलायला आळस करू नये एवढं त्यातून नक्की कळतं. हातांचाही प्रश्न आहे. रोज बराच वेळ साबणाच्या पाण्यात हात असले की त्वचेचं नैसर्गिक तेल निघून जातं. आईच्या बोटांना भेगा पडायच्या आणि मलम लावूनही त्या भरत नसत. आता बोटं बरी आहेत. बाकी सगळे फायदे बाजूला ठेवले तरी या एका कारणासाठी मी मशीन पुन्हा घेईन.

आणखी एक बदल मी गृहीत धरला नव्हता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. भांडी घासणं हे एका माणसाचं, एका बैठकीतलं काम असतं. बाकीचे ताट सिंकमध्ये ठेवून निघून जातात. रॅकमध्ये ताट लावणं मात्र ज्याचं त्याने, जेवून उठल्यावर, अर्ध्या मिनिटात होतं. आमच्याकडे आता सगळे लावतात, मुलंसुद्धा. कोणाला सांगावं लागत नाही, कारण खरकटं ताट ठेवायची दुसरी जागाच नाही. हे टिकवायचं असेल तर मशीन सकाळी रिकामं झालेलं असणं फार गरजेचं आहे. आत स्वच्छ भांडी तशीच राहिली की घरातला पहिला माणूस आपला पेला सिंकमध्ये ठेवतो, त्याच्यावर दुसरा ठेवतो, आणि दुपारपर्यंत सिंक भरतो. म्हणून जो आधी उठेल त्याने रिकामं करायचं असं आम्ही ठरवलं आहे. खालचा रॅक आधी काढायचा, वरचा नंतर, कारण वरच्या वाट्यांच्या बुडात राहिलेलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं.