फ्लाय रॉड किट, नऊ महिन्यांनी: माशी शिंकली ती दीड इंचावर

मार्चमध्ये नवशिक्यांसाठीचा फ्लाय फिशिंग किट घेतला. ९ फुटी, चार तुकड्यांचा, ६ नंबरचा रॉड, रील, तरंगणारी लाइन, लीडर (लाइनच्या पुढे जोडायचं बारीक नायलॉन), बारा फ्लाय (गळावर पिसं बांधून केलेले नकली किडे) आणि एक पिशवी, सगळं मिळून ८९ पौंड. कार्बन कसला, हँडल कशाचं वगैरे विक्रेत्याच्या पानावर आहे, ते इथे उगाळत नाही. मला बोलायचंय ते लीडर अडकवायला लाइनच्या टोकाला बसवलेल्या दीड इंचाच्या जाळीबद्दल, म्हणजे लूपबद्दल.

ऑक्टोबरचा शनिवार, इंग्लंडमधलं रटलंड वॉटर धरण, नॉर्मंटनचा काठ. पाण्यात अर्धवट बुडाल्यासारखं दिसणारं चर्च आहे तिथलंच. १९७० च्या दशकात धरण झालं तेव्हा चर्चचा तळ पाण्याखाली जाणार होता, म्हणून खालचा भाग दगड-काँक्रीटनं भरून टाकला आणि वरचं तेवढं शिल्लक राहिलं. दोन तास हाताला काही नाही. मग बोटांतली लाइन अचानक ओढली गेली. रेनबो ट्राउट एकदा पाण्याबाहेर आला, पुरता दिसला. तोवरच्या माझ्या सगळ्या माशांत मोठा. रील कुरकुरायला लागलं आणि दुसऱ्या धावेत सगळं सैल पडलं. नायलॉन तुटताना जो ‘टक’ येतो तोही नाही. लाइन गुंडाळून बघते तर टोक नागडं. लीडर नाही, जाळी नाही. माशाच्या तोंडात माझी फ्लाय, तिच्यामागे बारा फूट नायलॉन आणि त्याच्या शेवटी किटवाल्यांचा तो लूप.

मासा गेल्याचं दुःख तासाभरात गेलं. तो एवढी दोरी ओढत फिरतोय हे मात्र रात्रभर डोक्यातून जाईना. गळाला उलटा काटा नव्हता (बऱ्याच फिशरीत बिनकाट्याचाच गळ चालतो), त्यामुळे गळ सुटून पडला असेल, असं काठावर शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी सांगितलं. त्यावर विश्वास ठेवला.

जाळी कशी असते ते सांगते. विणलेली पोकळ नायलॉनची नळी, पुढे फासा. लेंग्यात नाडी घालतो तशी लाइन त्या नळीत सरकवायची. ओढलं की विण आवळते आणि पकड बसते. सांध्यावर प्लॅस्टिकची छोटी बाही चढवायची आणि आत सुपरग्लूचा एक थेंब. माझ्या लाइनवर बाही वर सरकलेली होती आणि गोंदाचा मागमूस नव्हता. दोन पेन्सचा थेंब वाचवला म्हणून माझा मासा गेला. आणि हे कुठल्याही वर्णनात, कुठल्याही तुलनेत कोणी लिहीत नाही. रॉडच्या वजनावर पानंच्या पानं!

मी मालवणची. बाबा खाडीवर गरवायला जायचे तेव्हा गरीला सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा आणि दोरीला शिसं असायचं. शिसं फेकलं की दोरी मुकाट्यानं मागून जाते. इथे सगळं उलटं. फ्लायला वजन म्हणून नाहीच, फेकायची ती लाइन. ६ नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १६० ग्रेन, दहा ग्रॅमच्या थोडं वर. ते दहा ग्रॅम पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे ढकलायचं. हे फोनवर समजावलं तर बाबा म्हणाले, “खावक काय नाय तर मासो येतलो कित्याक?” पिसांचा फ्लाय व्हिडिओवर दाखवला तेव्हा बराच वेळ गप्पच बसले.

थांबायचं, हेच मला दोन महिने जमलं नाही. मे महिन्यात या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता, त्यातलं वाक्य असं: ‘रॉड अगदीच लेचापेचा, लाइन पुढे जातच नाही, मागे गवतात अडकते, लीडरला गाठी पडतात.’ हे सगळं मागे घेते. मग तासाभराची शिकवणी लावली (४० पौंड, म्हणजे किटची जवळपास अर्धी किंमत; घरी तिसाच सांगितले). शिकवणाऱ्या बाईंनी माझा केसांचा रबर मागून घेतला आणि रॉडचं बूड मनगटाला बांधून टाकलं. मनगट मोडलं की लगेच कळायचं. पाण्यावर नाही, गवतावर, आणि फ्लायच्या जागी लोकरीचा धागा. अर्ध्या तासात लाइन सुतासारखी सरळ. रॉड चांगला आहे. या किमतीला तर फारच चांगला. दोष माझ्या मनगटाचा होता, पोळ्या लाटून त्याला वेगळं वळण पडलंय.

रीलबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फिरतं. लाइन थंडीत स्प्रिंगसारखी वेटोळी निघते. आधी दोन्ही हातांनी ताणून घ्यायची, महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं पुसायची, की परत तरंगते.

बारा फ्लायपैकी कामाचे तीन: काळा बझर (तळ्यातल्या डासासारख्या बारीक किड्याची नक्कल), दियाउल बाख (वेल्श भाषेत ‘छोटा सैतान’) आणि हिरवट डॅमसेल (चतुराच्या पिल्लाची नक्कल). बाकीचे रंगीत पिसारे ताजे सोडलेले मासे असतील तेव्हाच चालतात. आमच्या गावाबाहेर पाच एकरांचं तळं आहे, तिथे ठरावीक दिवशी हॅचरीतले रेनबो आणून सोडतात. पहिले दोन दिवस ते चमकणाऱ्या कशाच्याही मागे धावतात, अक्षरशः पेढे वाटल्यासारखे मिळतात. आठवडा उलटला की तेच मासे नाक मुरडतात. मग बारीक बझर, बाजूचा वारा, आणि लाइन बोटांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सावकाश गुंडाळायची. इतकी सावकाश की आपण काही करतोय की नाही अशी शंका यावी. एकदा मारलेल्या माशाच्या पोटातला ऐवज लांब चमच्यानं काढून बशीत पाण्यात सोडला. शंभरभर काळे बझर, जवळजवळ माझ्या फ्लायएवढेच, काही अजून वळवळत होते, आणि मध्ये दोन काटक्या. हॅचरीत गोळ्यांवर वाढलेला मासा काटकीलाही तोंड लावतो, आणि मी पाच पाच मिनिटं फ्लाय निवडत बसते.

किटमध्ये मासा मारायचा ठोकळा नसतो, तो वेगळा घ्या. त्याला इंग्रजीत ‘प्रीस्ट’ म्हणतात, पाद्री, कारण अंत्यविधी तोच करतो. आपल्याकडे असता तर गंगाजळी म्हटलं असतं.

आता हिशेब, कारण घरात तो रोज निघतो. दोन माशांचं दिवसाचं तिकीट २८ पौंड. त्याशिवाय एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा रॉड परवाना. तळं खाजगी असलं तरी लागतो, नसेल तर २५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्टमध्ये पाणी वीस अंशांच्या वर तापलं तेव्हा तळं तीन आठवडे बंदच. थंड पाण्याचा मासा, गरम पाण्यात झुंजला की सोडल्यावरही मरतो, तेव्हा बंद ठेवलं ते योग्यच. मार्चपासून अकरा मासे घरी आणले. किट, शिकवणी, परवाना, तिकिटं धरून एक मासा सव्वातीस पौंडांना पडला. नवरा म्हणतो, या भावात मुंबईहून पापलेट विमानानं आलं असतं, खिडकीपाशी बसून.

चवीचं म्हणाल तर पहिल्या माशाला चिखलाचा वास होता. तळ्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेलं जिओस्मिन माशाच्या अंगात उतरतं, त्याचा तो वास. आंबटानं तो मोडतो. आईनं दिलेलं कोकमाचं आगळ अर्धा तास लावून ठेवलं, वर तिखट, मीठ, रवा, आणि तव्यावर. वास गेला. बांगड्याची सर नाही, पण ताटात काही उरलं नाही.

परत लूपवर येते. विक्रेत्याला फोटोसह लिहिलं. उत्तर: ही ‘झिजणारी वस्तू’ आहे, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, जी वस्तू नीट चिकटवलीच नव्हती ती झिजली कशी? मग म्हणाले, अख्खा किट परत पाठवा, पाठवणीचा खर्च तुमचा. १४ पौंड! मी तारखांसह सगळं पुन्हा लिहिलं. तिसऱ्या मेलला नाव बदललेला माणूस, मजकूर तोच. पाचव्या मेलनंतर ‘सदिच्छा म्हणून’ लूपचं नवं पाकीट पाठवतो म्हणाले.

दरम्यान रटलंडच्या त्याच आजोबांनी पुढच्या खेपेला पाच मिनिटांत काम करून दिलं. खिशातून बॉलपेनची रिकामी रिफील काढली, लाइनच्या टोकाला ती आणि जाड नायलॉन धरून पाच वेढे घेतले, नायलॉनचं टोक रिफिलीतून ओवलं, रिफील ओढून काढली आणि थुंकी लावून गाठ आवळली. नेल नॉट. तांदळाच्या दाण्याएवढी. पैसे विचारले तर म्हणाले, रिफील ठेव. त्या गाठीवर आजवर चार मासे काढलेत, ती तसूभर हललेली नाही.

म्हणून चारऐवजी तीन तारे देतेय. एक तारा पूर्ण गोंदाचा कापला.

पाकीट काल आलं. तीन लूप. फाडायच्या आधीच दिसलं, एकाची बाही निसटून प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात पडली होती.