कुतच्या युद्धकैद्यांसाठी नामशिळा: चिपळूणकडच्या पाटीवाल्याचं काम कसं आहे?

काम देखणं, पण तो वापरतो त्या सामानावर लक्ष ठेवावं लागतं.

पहिल्या महायुद्धात २९ एप्रिल १९१६ ला इराकमधलं कुत-अल-अमारा पडलं आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे शिपाईही तुर्कांचे कैदी झाले. कितीतरी हिंदी शिपाई सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या मजुरीला जुंपले गेले. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे नुसते आकडे! म्हणून गावात नावानिशी शिळा हवीच.

मजकूर छापूनच द्या. नंबर, हुद्दा, पलटण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींशी ताडून घ्या. नोंद रोमन लिपीत असते, 'कदम'चा 'कडम' व्हायला वेळ लागत नाही.

काळा ग्रॅनाइट २० मिमीचा घ्या. अक्षरं सँडब्लास्टने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) निदान २ मिमी खोल हवीत. उथळ लेझरकामातले अनुस्वार शेवाळाने बुजतात. इथला कारागीर रफार मात्र झकास काढतो. सोनेरी रंगाचा आग्रह दुकानदार करेल, ऐकू नका. खाऱ्या हवेत तो काळवंडतो. पांढरा भरून घ्या.

खरी गोम बसवण्यात आहे. भिंतीचा जांभा सच्छिद्र, स्क्रूसाठी ठोकलेला नुसता प्लग त्यात ढिला पडतो. साधा स्क्रू गंजून फुगला की शिळेचा कोपराच तडकतो. दुकानातून ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू येतात. ३१६ चे मागा, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतात. भोकातली भुकटी फुंकून काढा, मग इपॉक्सी (घट्ट धरणारा डिंक) भरा. शिळेमागे ५ मिमी फट राहू द्या, पाणी निथळतं. हे सगळं मे संपायच्या आत उरका, ओल्या जांभ्यात इपॉक्सी धरत नाही.