तांबं की अ‍ॅल्युमिनियम? घराच्या वायरिंगचा हिशोब

सदाशिव पेठेतल्या जुन्या घराचं वायरिंग बदलायला काढलेला आतेभाऊ तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, दोन्ही तारांचे दर घेऊन आला. तांब्याच्या आकड्याने त्याचा चेहरा उतरला होता.

किंमत: अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, वादच नाही. पण त्याची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. तेवढ्याच करंटला जाड तार लागते. ती जुन्या भिंतीतल्या अरुंद पाइपातून ओढून दाखवा!

वजन: इथे अ‍ॅल्युमिनियम जिंकतं. घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तांब्याची ८.९६. म्हणूनच मनोऱ्यांवरच्या उच्चदाबाच्या तारा त्याच्या असतात, आत पोलादी गाभा घालून.

टिकाऊपणा: खरी गोम जोडात आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तो वीज अडवतो. शिवाय स्क्रूखाली दाबलेली तार हळूहळू पसरते, जोड सैल होतो, तापतो. दोन-चारदा वाकवली की तुटतेही. तांबं यात फार सोशिक. दोन्ही तारा एकमेकींना थेट पिळणं तर नकोच. ओल लागली की सांधा खाल्ला जातो.

घरातले स्विच, प्लग, गीझर यांना तांबंच. शेतातल्या पंपापर्यंत लांबवर केबल न्यायची असेल, तर जाड अ‍ॅल्युमिनियम, टोकाला योग्य लग (तार घट्ट जोडायची धातूची टोपी) लावून.

भावाने तांबं घेतलं. फॉल्स सीलिंग रद्द झालं.