बोका आधी की मादी आधी? खान्देशातल्या घरासाठी मांजरांच्या नसबंदीची तुलना

घरात एक बोका आहे, एक मादी आहे. दोघांचं ऑपरेशन एका दमात उरकायला पैसा नाही किंवा सवड नाही. मग आधी नंबर कुणाचा? जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक घरांचा कल बोक्याकडे असतो, कारण त्याचं काम छोटं आणि स्वस्त. माझं मत उलटं आहे: आधी मादी. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

पिल्लांचा हिशेब

आपल्या बोक्याची नसबंदी केल्याने गल्लीत जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या कमी होत नाही. तो बाजूला झाला की शेजारच्या गल्लीतला दुसरा बोका हजर असतो. मादीचं तसं नाही. ४ ते ६ महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, एका वेताला तीन ते पाच पिल्लं देते आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की माज जोर धरतो. कपाशीवाल्या घरांना हे सांगायला नको. भाव वाढेल म्हणून खोलीत रचलेल्या कापसात मांजर जाऊन विते आणि मग व्यापारी दारात उभा असला तरी घरातली पोरं कापसाला हात लावू देत नाहीत.

माजावर आलेली मादी रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलून धरते. ‘तिनं पोट दुखी ऱ्हायनं’ असं म्हणत घरातली म्हातारी माणसं जागी राहतात. पोट दुखत नसतं. हा माज आठवडाभर टिकतो आणि बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. घरातल्या बोक्याचं ऑपरेशन झालं म्हणून हे ओरडणं थांबत नाही. मादीचं झालं की थांबतं.

शिवाय तिच्या जिवाचा प्रश्न आहे. मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या निघतात. ६ महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झाली तर ८६ टक्क्यांनी कमी होतो. दोन वर्षांनंतर केली तर हा फायदा जवळपास उरत नाही. नसबंदी झाली की गर्भाशयात पू होण्याचा आजारही सहसा संभवत नाही. ‘एकदा विऊ द्या, मग करा’ या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. एका वेताची पिल्लं द्यायची कुणाला, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही.

बोक्याचं केल्याने काय मिळतं

जे मिळतं ते घराला आणि बोक्याला मिळतं. भिंतीवर, गादीवर, धान्याच्या कोठीवर मुताच्या पिचकाऱ्या मारणं दहापैकी साधारण नऊ बोक्यांत कमी होतं किंवा थांबतं. भटकणं आणि मारामाऱ्या घटतात. चार-चार दिवस गायब राहून कान फाटलेला, गालाला गळू झालेला बोका परत येतो, तो या मारामाऱ्यांतूनच. चाव्यांतून रोगप्रतिकारशक्ती पोखरणारे विषाणूही पसरतात. तुमचा बोका असाच असेल तर त्याचंही ऑपरेशन लांबवू नका, फक्त त्याला पिल्लांवरचा उपाय समजू नका.

आता अपवाद. जळगावातला बंद फ्लॅट, बहीण-भाऊ अशी दोन मांजरं, दोघंही दाराबाहेर कधीच जात नाहीत. (बहीण-भाऊ म्हणून ती एकमेकांपासून लांब राहत नाहीत, हेही सांगून ठेवतो.) इथे पैसे जमेपर्यंत आधी बोक्याचं केलं तरी चालेल. पण ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून सहा आठवडे तरी दोघांना वेगळं ठेवावं लागतं. दोन खोल्यांच्या घरात ते कसं जमवायचं, याचा विचार आधी करा.

बैल खच्ची करताना आपल्याकडे कुणी दोनदा विचार करत नाही, बोक्याच्या वेळी मात्र ‘बिचाऱ्यावर अन्याय’ सुरू होतं. ‘मग तो उंदीर धरणार नाही’ हेही ऐकू येतं. शिकारीची खोड अंडकोषांवर अवलंबून नसते. आणि बैलाला लावतात तो चिमटा बोक्याला लावायचा नसतो, भूल देऊनच काम करायचं.

टेबलावर

बोक्याला भूल देऊन छोटा छेद घेतात, अंडकोष काढतात, बहुधा टाकेही लागत नाहीत. चार-पाच दिवसांत तो सावरतो. मात्र पिशवीत एकच अंडकोष हाताला लागत असेल तर दुसरा पोटात किंवा जांघेत अडकलेला असतो, आणि पोटात असेल तर काम मादीइतकंच मोठं होतं. हे आधी तपासून घ्या, म्हणजे खर्चाचा अंदाज चुकणार नाही.

मादीचं पोट उघडावं लागतं. अंडाशय, बहुतेक वेळा गर्भाशयासकट, काढतात. टाके १० ते १४ दिवस, तोवर उड्या बंद आणि चाटणं बंद. गळ्यातली कॉलर सहन होत नसेल तर जुन्या टी-शर्टच्या बाहीला पायांसाठी भोकं पाडून अंगरखा करतात, तो बरा. ऐन माजात ऑपरेशन शक्यतो टाळतात, कारण तेव्हा रक्तपुरवठा वाढलेला असतो. पिल्लं पीत असतील तर ती सुटेपर्यंत थांबायचं आणि तोवर तिला बाहेर सोडायचं नाही.

गोळ्या-इंजेक्शनांचा पर्याय स्वस्त वाटतो. माज पुढे ढकलणाऱ्या या हार्मोनच्या औषधांनी गर्भाशयात पू, स्तनांना सूज आणि मधुमेह होऊ शकतो. वर्षानुवर्षं त्यांवर ढकलत राहणं मला पटत नाही.

कुठे आणि केव्हा

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. बोक्याचं काम तिथे जमू शकतं. मादीसाठी मात्र मांजरांची पोटाची ऑपरेशनं नेहमी करणारा डॉक्टर शोधा, मग तो जिल्ह्याच्या गावी असला तरी चालेल. भुसावळकडच्यांना रेल्वेने अकोल्याची पशुवैद्यकीय संस्थाही गाठता येते, नंदुरबारकडच्यांना सुरत. फोनवर नुसतं ‘किती घेता’ विचारू नका. भूल, औषधं, कॉलर, टाके काढणं धरून किती, आणि मांजर शुद्धीवर येईपर्यंत तिथे ठेवता का, हे विचारा. लसीकरण आधीच झालेलं असेल तर उत्तम.

दिवाळी ते संक्रांत हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो: माज कमी, माश्या कमी, प्रवास सुसह्य. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना गोणीत कोंबून दुपारच्या एसटीने मांजर नेणं म्हणजे ऑपरेशनआधीच तिला उष्माघाताच्या तोंडी देणं. उन्हाळ्यात न्यायचीच झाली तर हवा खेळती राहणाऱ्या टोपलीत, पहाटेच्या गाडीने. पण पाच महिन्यांची मादी बाहेर फिरत असेल तर ऋतूची वाट बघू नका.

घरी आणल्यावर

पहिली रात्र जमिनीवर गोधडी टाकून बंद खोलीत. माळा नको, कापसाची खोली तर नकोच. मातीऐवजी फाडलेला पेपर ठेवा. जखमेवर हळद किंवा डेटॉल लावू नका, खोलीत फिनाइलचा पोछा मारू नका. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, तिने मांजर मरतं. दिवस उलटूनही खात नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा टाका उसवला असेल तर लगेच डॉक्टरांकडे.

पुढे दोघांचीही भूक टिकते आणि गरज घटते, म्हणून खाणं पाव हिश्श्याने तरी कमी करा. लठ्ठ, कोरडं खाणारा, पाणी कमी पिणारा बोका लघवी तुंबून अडकू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. तो कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

दोघांचं एकाच दिवशी करणं जमलं तर आणखी एक कटकट वाचते. एकटं ऑपरेशन करून आलेल्या मांजराला दवाखान्याचा वास येतो आणि घरातलं दुसरं त्याच्यावर फिस्कारून धावतं. तसं झालं तर एक-दोन दिवस मध्ये दार बंद ठेवा.