केमोच्या काळात वळवळणाऱ्या पायांसाठी काशाच्या थाळीचं मशीन: वापरानंतरचा अनुभव

हे मशीन मी गेल्या पावसाळ्यात घेतलं. स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू होती आणि रात्री पाय स्वस्थ पडू देत नव्हते. आता होळी होऊन गेली, मशीन अजून वापरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तळपायांना आराम आणि झोप लागण्यापुरती शांतता एवढं ते नक्की देतं. पायांचं उडणं मात्र कमी झालं ते रक्ताच्या एका तपासणीमुळे आणि औषधांतल्या दोन बदलांमुळे. उपचार चालू असताना कुणी हे मशीन घ्यायचा विचार करत असेल तर पैसे मोजण्याआधी तो भाग जरूर वाचा.

आधी त्रास सांगते. केमोतल्या लाल रंगाच्या औषधाच्या फेऱ्या संपून पॅक्लिटॅक्सेल हे दर आठवड्याला द्यायचं केमोचं दुसरं औषध सुरू झालं, तेव्हापासून दिवेलागणीनंतर पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं व्हायचं. दुखत नव्हतं, गोळाही येत नव्हता. गोळा आला की पोटरी घट्ट होते, हाताला लागते. इथे हाताला काहीच लागायचं नाही. पाय हलवला की बरं वाटायचं, ठेवला की पुन्हा वळवळ. आडवं झाल्यावर सगळ्यात जास्त. डोळा लागला की पाय आपोआप उडायचे. ह्यांनी एका रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढला: अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, गुडघ्यातून झटका बसतो, मग अर्धा मिनिट शांत, आणि परत तेच. मी स्वतः ते पाहिलं तेव्हा रडू आलं. पण पुढे हाच व्हिडिओ सगळ्यात उपयोगी पडला.

सासूबाई तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासून द्यायच्या आणि त्याने खरंच बरं वाटायचं. रोज त्यांना किती त्रास द्यायचा, म्हणून मशीन आणलं. खुर्चीत बसून दोन पाय दोन थाळ्यांवर ठेवायचे, खाली मोटर, थाळ्या गोल फिरतात, वेग कमीजास्त करायला बटण. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, चार भागांत साधारण तीन भागांहून थोडं जास्त तांबं आणि उरलेलं कथील. थाळी जाड आहे, इतक्या महिन्यांत पोचा आला नाही, मोटरही तक्रार न करता चालते. गुळगुळीत थाळीवर तूप लावलेला पाय फिरताना जो घासा बसतो, त्याने वळवळ दबते. चोळणं, दाबणं, ऊब देणं, यांतल्या कशानेही तेवढ्यापुरतं बरं वाटतं, असं डॉक्टरही म्हणाले.

विक्रेत्याने सांगितलं होतं की तळपाय काळे पडतात ती शरीरातली उष्णता आणि केमोचं विष बाहेर येतं. हे खरं नाही. धातूची तूप, घाम आणि त्वचेशी घसट होते, त्याचा तो काळपटपणा. माझ्या धडधाकट लेकाचे पायही तितकेच काळे झाले. केमोची औषधं शरीराबाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. आजारी माणसाच्या भीतीवर असा माल विकणं मला फार लागतं, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

रोजच्या वापरातल्या अडचणीही आहेत. मशीन जड आहे, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने उचलायचं नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हातावर ताण नको. मी ते एका कोपऱ्यात कायमचं ठेवलंय. आवाज दिवसा जाणवत नाही, पण रात्री दोन वाजता घरघर साऱ्या घराला ऐकू जाते. शिवाय तूप लावलेले पाय आणि फरशी. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर झालेले असताना तशा पायांनी बाथरूमला उठणं धोक्याचं आहे. आधी ओल्या कापडाने, मग कोरड्या पंच्याने पाय पुसते, बोटांच्या बेचक्याही, आणि सुती मोजे घालूनच उठते. बधिर पायाला घासा जास्त झालेला कळत नाही, म्हणून वेग कायम सगळ्यात कमी आणि नंतर तळवे डोळ्यांनी बघायचे. त्वचा सोलली असेल, भेग पडली असेल किंवा प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरल्या असतील तेव्हा मशीन बंद.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या केमोच्या वेळी तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. हलवावंसं वाटतं का, बसल्यावर वाढतं का, चालल्यावर कमी होतं का, संध्याकाळीच का, असे त्यांनी नेमके प्रश्न विचारले आणि म्हणाले, हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम दिसतो. 1945 मध्ये कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन करून ठेवलंय. मला किती धीर आला सांगू! तोवर घरात आणि नात्यात सगळे ‘टेन्शन घेतेस म्हणून’ एवढंच म्हणत होते.

डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. माझं 31 आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसत होतं, पण या त्रासात 75 च्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. कॅन्सरमध्ये किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं जास्त दिसू शकतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय, तेही पाहिलं, तेही कमी होतं. नुसतं हिमोग्लोबिन बघून हे कळलं नसतं. लोह सलाइनमधून दिलं. फरक दुसऱ्या दिवशी पडत नाही, काही आठवडे जातात, पण पडला.

औषधांतही दोन बदल केले. उलटीसाठी घरी घ्यायच्या गोळ्यांत मेटोक्लोप्रामाइड होतं. मेंदूतल्या डोपामिनला ते अडवतं आणि पायांची तगमग वाढवू शकतं. त्याजागी ओन्डानसेट्रॉन दिलं. दुसरं, पॅक्लिटॅक्सेलच्या आधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून देतात ते फेनिरामाइन. गुंगी आणणाऱ्या अशा अ‍ॅलर्जीच्या औषधांनीही पाय जास्त उडतात, आणि माझ्या सगळ्यात वाईट रात्री केमोच्याच दिवशीच्या होत्या. ते बंद करता येत नाही, पॅक्लिटॅक्सेलची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून माझी वेळ दुपारची बदलून सकाळची पहिली करून दिली, रात्रीपर्यंत असर उतरावा म्हणून. हे सगळं डॉक्टरांनी ठरवलं. स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका. अ‍ॅलर्जीची किंवा सर्दीची गोळी दुकानातून आणतानाही एकदा विचारा. बधिरपणा आणि जळजळ पॅक्लिटॅक्सेलने नसांना झालेल्या त्रासाची आहे, ती वेगळी सांगायची, कारण त्यावरून केमोचा डोस ठरतो.

संध्याकाळचा चहा मी सोडला. मला ते फार जड गेलं, पण उपयोग झाला.

मग मशीन घ्यावं का? परवडत असेल आणि घरात चोळून द्यायला कुणी नसेल तर घ्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवले की अंथरुणावर पहिला तास बरा जातो. मध्यरात्री जाग आली तर मात्र साधी काशाची वाटीच बरी: आवाज नाही, दाब आपल्या हातात, आणि किंमत मशीनपुढे काहीच नाही. कुणाला एकच वस्तू घ्यायची असेल तर मी वाटी घ्या म्हणेन.

मशीनसोबतच्या कागदावर छापलेलं नाही असं एक सांगते. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा गरम, लालसर झाली, तर मशीनही नको, वाटीही नको, कुणाला चोळूही देऊ नका. कॅन्सरमध्ये आणि केमोत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी चालू असतानाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डॉपलर (पायातल्या शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. त्यात दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर फोनवर न थांबता सरळ कॅज्युअल्टी गाठा.